रुळांच्या टोकाची आगबोट

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. रामेश्वर मात्र इथल्या घरांना परके नाही. शेवगावच्या पलीकडे गोदेकाठी पैठण. तिथल्या एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट लहानपणीच कानावर पडते. काशीयात्रेला निघालेल्याने सेतूची वाळू प्रयागला न्यायची, हाही जुना रिवाज. ती वाळू धनुष्कोडीची, रामेश्वरहून वीसेक किलोमीटरवरची.

याच वाळूवर एकेकाळी मद्रासची ‘बोट मेल’ येऊन थांबे. गाडीतून उतरून धक्क्यावर चार पावले टाकली, की समोर आगबोट. ती कुणा जहाज कंपनीची नव्हे, खुद्द साउथ इंडियन रेल्वेची. पलीकडे सिलोनात तलैमन्नारला कोलंबोची गाडी तयार. तिकीट एकच. मधले पस्तीसेक किलोमीटर पाणी म्हणजे रेल्वेच्या लेखी टाकायचे राहून गेलेले रूळ!

24 फेब्रुवारी 1914 रोजी रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा पूल सुरू झाला आणि लगोलग ही सेवाही. त्याआधी तुतिकोरिनहून कोलंबोपर्यंत रात्रभर समुद्र. ज्यांना बोट लागते, त्यांची केवढी सुटका झाली असेल. कर्झन, एल्गिन, हार्डिंग ही पहिल्या बोटींची नावे. पुढे गोशेन आली, आयर्विन आली. सांगलीच्या पुलाला ज्याचे नाव आहे, तोच हा व्हॉइसरॉय.

नावे लाटसाहेबांची, पण उतारूंत मोठा भरणा सिलोनच्या चहामळ्यांकडे निघालेल्या तमिळ मजुरांचा. त्यांना आधी मंडपमच्या छावणीत विलग ठेवत, रोगराई नाही याची खात्री झाल्यावरच पलीकडे सोडत.

22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर गाडी लाटांनी गिळली. शंभरहून अधिक माणसे गेली. स्टेशन, धक्का, गाव, काही धड उरले नाही. पांबनच्या पुलाचे 126 गाळे वाहून गेले. रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो 46 दिवसांत पुन्हा उभा राहिला. धनुष्कोडीपर्यंत रूळ मात्र परत गेले नाहीत. पुढे रामेश्वरहून ‘रामानुजम’ नावाची बोट सुटू लागली, तीही श्रीलंकेतल्या यादवीत, ऐंशीच्या दशकात बंद पडली.

आता चर्चच्या आणि स्टेशनच्या पडक्या भिंती आहेत, शंखशिंपल्यांच्या टपऱ्या आहेत. 2017 मध्ये झालेला रस्ता धनुष्कोडीपुढच्या अरिचलमुनैच्या टोकाला जाऊन अशोकस्तंभापाशी संपतो. पिशवीत वाळू भरून घेणाऱ्या यात्रेकरूंना तिथून श्रीलंका दिसत नाही. मोबाइलला मात्र कधीकधी तिकडचे नेटवर्क सापडते.