वैजनाथ, मन्मथ आणि रामनारायण

नावांचे अर्थ सांगणाऱ्या कुठल्याही पुस्तकात ‘मन्मथ’ शोधा. उत्तर मिळेल, मदन. म्हणजे शंकराने तिसरा डोळा उघडून ज्याची राख केली तो. आता बीड जिल्ह्यात या. इथल्या लिंगायत घरांत मन्मथ, मन्मथअप्पा अशी नावं सहज भेटतात, आणि ही घरं तर पक्की शिवभक्त! शिवाने जाळलेल्याचं नाव शिवभक्त आपल्या लेकराला का ठेवतील? तर ते नाव मदनाचं नाहीच. ते मन्मथस्वामींचं. ‘परमरहस्य’ लिहिणारे हे संत मांजरसुंब्याजवळ कपिलधारला समाधिस्थ झाले, आणि कार्तिकात तिथे मोठी यात्रा भरते. बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून हे नाव सांगते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे मदन नसतो, कपिलधार असतं. म्हणून नावाचा अर्थ कोशात बघण्याआधी आसपास कोणाची यात्रा भरते ते विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

याच जिल्ह्यातलं अंबाजोगाई या कामासाठी फार छान गाव आहे. गावाचं नाव ग्रामदेवता योगेश्वरीवरून पडलं. पण योगेश्वरीची जोगाई झाली कशी? जिभेच्या सवयीने. संस्कृत शब्दाच्या आरंभीचा ‘य’ मराठीत येताना अनेकदा ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तशीच योगाईची जोगाई. इथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या परळीत तीच जीभ दुसरी करामत दाखवते. ‘द्य’चा ‘ज’ होतो. विद्युत् म्हणजे वीज, अद्य म्हणजे आज, आणि वैद्यनाथ म्हणजे वैजनाथ. मराठवाड्यातल्या एखाद्या वैजनाथरावांना हाक मारताना दोन हजार वर्षांत मराठी कशी घडली याचा नमुनाच आपण उच्चारत असतो, आणि कोणाला पत्ताही नसतो!

या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी कथा गावात हत्तीखान्याची लेणी दाखवून सांगतात. लग्न मोडलं खरं, पण इकडच्या एकाच कुटुंबात वैजनाथ आणि अंबिका ही नावं सुखाने नांदू शकतात.

दासोपंतांची समाधीही इथलीच. ते दत्तभक्त, वडिलांचं नाव दिगंबरपंत, आणि स्वतःला ते ‘दिगंबरानुचर’ म्हणवत. बापाचं नाव आणि दैवताचं नाव एकच! दिगंबर म्हणजे दिशा हेच ज्याचं वस्त्र. आणि या दिगंबराच्या सेवकाने ‘पंचीकरण’ लिहिलं ते चाळीस फुटी कापडावर, पासोडीवर. बाळ दिगंबरला झबलं घालणाऱ्या आयांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पण मला सगळ्यात थक्क करतो तो एक शिलालेख. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याची अंबाजोगाई ही कर्मभूमी. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला. बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधलं आणि दैवताला नाव दिलं रामनारायण. शके ११६२, म्हणजे इसवी सन १२४०. देवाचं नाव माणसाला देणं आपल्या सवयीचं. इथे गेलेल्या भावाचं नाव बहिणीने देवाच्या नावाला जोडलं. पावणेआठशे वर्षं उलटली. राम आणि लक्ष्मी अजूनही हजेरीपटावर आहेत. खोलेश्वर मात्र कॉलेजच्या पाटीवर राहिला, पाळण्यात कोणी घातला नाही.

पाळण्यात घालायची सगळीच नावं काही देवळातून येत नाहीत. मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी. मृत्यूला वाटावं, हे काय न्यायचं! पीराला नवस बोललेला असेल तर हिंदू घरातही पिराजी किंवा फकिरा. शहाजी आणि शरीफजी ही नावं मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाहशरीफ पीरावरून ठेवली, असं परंपरा सांगते.

‘नकोशी’ची जात वेगळी. धोंडूला दगड म्हणतात ते तो हवा असतो म्हणून. नकोशीला नकोशी म्हणतात ते ती खरोखर नको असते म्हणून. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७, राज्यात सर्वांत कमी. योगेश्वरीच्या जिल्ह्यात!

आता दोन अक्षरी, कुठल्याही भाषेत खपणाऱ्या नावांचे दिवस आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. एवढंच करा. घरातल्या वैजनाथाचं, मन्मथाचं, धोंडाबाईचं नाव कोणी आणि का ठेवलं, ते आजी सांगू शकते तोवर विचारून घ्या आणि तारखेसकट वहीत लिहून ठेवा. हे कुठल्याही नावांच्या पुस्तकात मिळणार नाही.