चोचीचा अर्धा मिलिमीटर

चिमणीहून लहान फिंच पक्षी हलक्या हाताने धरायचा, कॅलिपरने चोचीची लांबी, रुंदी आणि मुळाशी असलेली जाडी मोजायची, पायात कडी घालून सोडून द्यायचा. गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या ओसाड बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दाम्पत्याने १९७३ पासून जवळजवळ चाळीस वर्षे हेच केलं.

१९७७ साली पावसाने दगा दिला. बारीक, मऊ बिया फिंच पक्ष्यांनी बघता बघता संपवल्या. उरली ती आपल्या सराट्याच्याच कुळातली टणक, काटेरी फळं. ती फोडायची तर चोच जाडच हवी. बहुतेक पक्षी उपासमारीने गेले. वाचलेल्यांची चोच आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जाड भरली आणि ती जाडी पिल्लांतही उतरली. नुसत्या नजरेला हा फरक कधीच कळला नसता. वर्षानुवर्षांच्या नोंदवह्यांमुळेच तो हाती लागला, आणि मला त्या चिकाटीचंच जास्त अप्रूप वाटतं.

आता कॅलिपरच्या जोडीला फोटोवर ठरावीक बिंदू देऊन, लहानमोठेपणा वगळून नुसता चोचीचा घाटही संगणकावर ताडून पाहता येतो.

डॅफ्ने मेजरवर २००४ च्या सुमारास पुन्हा पडलेल्या दुष्काळात मात्र १९७७ च्या उलट लहान चोचवालेच तगले. सराटे फस्त करणारी दुसरी, थोराड फिंच जात तोवर बेटावर स्थिरावली होती.