मधुमेही मांजर व इन्सुलिनची मात्रा

धानाची कोठी राखणारे मांजर पुष्कळ पाणी पिऊ लागले व खात असूनही वाळत चालले, तर मधुमेहाची शंका घ्यावी. निदान व इन्सुलिनची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. धन्याचे काम ती बिनचूक देण्याचे.

घात होतो तो पिचकारीच्या निवडीत. मिलिलिटरमागे ४० एककांच्या कुपीस लाल टोपणाची, १०० एककांच्या कुपीस नारिंगी टोपणाची पिचकारी लागते. १०० च्या कुपीस ४० ची पिचकारी लावल्यास मात्रा अडीचपट जाते. मांजराची मात्रा आरंभी बहुधा एकदोन एककेच असते. तेव्हा ही गल्लत प्राणावर बेतते.

सुई साधारणतः १२ तासांनी, मांजराने खाल्ल्यावर टोचावी. न खाल्ल्यास पशुवैद्यास विचारल्यावाचून टोचू नये. कानाच्या कडेच्या रक्तथेंबाने ग्लुकोमीटरवर साखर पाहता येते. मांजर झोकांड्या देऊ लागले वा झटके आले, तर हिरड्यांस साखरेचा पाक चोळून तत्काळ पशुवैद्य गाठावा.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वैशाखात कुपी फ्रीजमध्ये ठेवावी, परंतु गोठू देऊ नये. वीज गेल्यास ओल्या वाळूतील मडके उपयोगी पडते.

सुई नीट लागली की नाही असा संशय आल्यास ती पुन्हा टोचू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. वाढलेल्या साखरेवर उपायास अवधी मिळतो. उतरलेली साखर तो देत नाही.