शर्यतीचा पट्टा, रोजची गाडी

दोस्तांनो, टीव्हीवर मोटारींची शर्यत पाहताना चालकाच्या अंगावरचे पट्टे कधी नीट बघितलेत? दोन पट्टे खांद्यांवरून खाली येतात, दोन कमरेच्या बाजूंनी येतात आणि एक किंवा दोन मांड्यांच्या मधून वर येतात. सगळे पोटाशी एका गोल कुलपात अडकतात. कुलूप फिरवलं की सगळे एकदम सुटतात! याला म्हणतात रेसिंग हार्नेस.

काही हौशी दादा लोक आपल्या रोजच्या गाडीतही असले लाल-निळे पट्टे बसवून घेतात. त्यांचा हिशेब सोपा असतो. ‘साध्या पट्ट्याला तीन टोकं, याला सहा. म्हणजे दुप्पट सुरक्षित!’ पण हा हिशेब चुकतो. कुठे चुकतो ते पाहू या.

पट्टा करतो काय?

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. वेग दुप्पट केला, तर ही उंची दुप्पट नाही, चौपट होते बरं का!

आता समजा, गाडीचं नाक चेपत गेलं, पट्टा थोडा ताणला गेला आणि तुम्ही अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबलात. तरीही तुमच्यावर वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. ४० किलोच्या मुलाला त्या क्षणी जवळजवळ ८०० किलोंचा भार थोपवावा लागतो. आईने कितीही घट्ट धरलं, तरी मांडीवरचं बाळ हातात का राहत नाही, हे आता कळलं ना?

हा भार पट्ट्याने शरीराच्या मजबूत हाडांवर वाटून द्यायचा असतो. ती हाडं म्हणजे कमरेचं हाड, छातीचा पिंजरा आणि खांदा. मऊ पोटावर तो कधीच येता कामा नये.

आपल्या गाडीतला तीन टोकांचा पट्टा स्वीडनच्या निल्स बोलिन या अभियंत्याने तयार केला. आधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचा. १९५९ साली व्होल्वो कंपनीने हा पट्टा आपल्या मोटारींत आणला आणि इतर कंपन्यांनाही तो वापरू दिला.

मग हार्नेसचं बिघडतं कुठे?

शर्यतीची गाडी म्हणजे नुसती वेगवान गाडी नव्हे. तिच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. गाडी उलटली तरी छप्पर चालकाच्या डोक्यावर येत नाही. खुर्ची खोलगट असते, तिला पट्टे आत घ्यायला भोकं असतात. चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि मानेला आधार देणारं साधन असतं. हार्नेस हा या सगळ्या टोळीतला एक गडी. त्याला एकट्यालाच उचलून रोजच्या गाडीत आणलं, तर काय होईल?

पहिली गोष्ट छपराची. गाडी उलटून छप्पर चेपलं, तर साध्या पट्ट्यात माणसाचं अंग थोडं बाजूला झुकू शकतं. हार्नेसमध्ये तो ताठ जखडलेला असतो. छप्पर खाली येतं आणि मान सापडते.

दुसरी गोष्ट, मांड्यांमधला पट्टा. तो नसलेल्या चार टोकांच्या हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे कमरेच्या पट्ट्याला वर खेचतात. मग माणूस त्याच्या खालून पुढे सरकतो आणि पट्टा पोटात रुततो.

तिसरी गोष्ट कोनाची. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार ते ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरू नयेत, आणि जितके आडवे तितके बरे. पण पुष्कळ जण ते मागच्या सीटच्या खाली जमिनीला बांधतात. धक्का बसला की असे पट्टे खांदे खाली दाबतात आणि सगळा भार पाठीच्या कण्यावर येतो.

चौथी गोष्ट बोल्टची. शेकडो किलोंचा भार घेणारा बोल्ट नुसत्या पातळ पत्र्यात कसा टिकेल? नवीन जागी पट्टा बसवायचा, तर पत्र्यामागे किमान ४० चौरस सेंटिमीटरची आणि ३ मिलिमीटर जाड पोलादी पट्टी हवी, असा नियम आहे.

शिवाय घट्ट हार्नेस बांधून चालकाला वळून मागचं पाहता येत नाही. साध्या पट्ट्याचं रीळ मात्र एरवी सैल सुटतं आणि झटका बसताच अडकतं. एअरबॅगचं गणितही याच पट्ट्याशी जुळवलेलं असतं.

डेटोनाचा धडा

१८ फेब्रुवारी २००१. अमेरिकेत डेटोनाची ५०० मैलांची शर्यत शेवटच्या फेरीत होती. नामवंत चालक डेल अर्नहार्ट यांची गाडी भिंतीवर आदळली आणि कवटीच्या तळाचं हाड मोडून ते गेले. चौकशीत आढळलं, की त्यांचा कमरेचा एक पट्टा तुटला होता. पट्टा ताण देणाऱ्या कडीत एका बाजूला गोळा झाला आणि सगळा भार एकाच कडेवर आला, असं चौकशी अहवालात म्हटलं होतं. मृत्यूमागच्या अनेक कारणांपैकी हे एक मानलं गेलं. त्याच वर्षी तिथल्या मोठ्या शर्यतींत मानेला आधार देणारं साधन सक्तीचं झालं.

इतक्या अनुभवी खेळाडूच्या गाडीत हे घडू शकतं. मग कोपऱ्यावरच्या दुकानात तासाभरात बसवलेल्या हार्नेसवर किती भरवसा ठेवायचा?

म्हणून ज्या दादाला खरोखर ट्रॅकवर जायचं आहे, त्याने पिंजरा, खुर्ची, हार्नेस आणि मानेचा आधार हे सगळं जाणकाराकडून एकत्र बसवून घ्यावं. पट्ट्यावरच्या लेबलवरची मुदत पाहावी. अपघातात ताणला गेलेला पट्टा फेकून द्यावा. आणि कंपनीचा मूळ पट्टा गाडीतून काढू नये. रस्त्यावर तोच लावायचा!

आता तुमची पाळी

पुढच्या वेळी गाडीत बसलात की एवढं तपासा :

● कमरेचा पट्टा पोटावर नाही, मांड्यांच्या वर हाडाशी बसलाय का?
● खांद्याचा पट्टा गळ्यावर किंवा काखेखाली तर नाही ना? तो खांद्याच्या मधून गेला पाहिजे.
● पट्ट्याला पीळ पडलाय का? पीळ पडला की भार एकाच रेघेवर येतो.
● पट्टा झटक्याने ओढा. अडकला? शाब्बास! नाही अडकला, तर बाबांना गाडी गॅरेजला न्यायला सांगा.

ज्यांची उंची अजून १४५ सेंटिमीटर झाली नाही, त्यांना पट्टा नीट बसत नाही. त्यांच्यासाठी उंच करणारी खास खुर्ची मिळते. आणि पालकांनो, मागच्या सीटवरही पट्टा हवाच. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खुर्ची न लावता गाडी चालवली, तर २०१९च्या सुधारित कायद्यानुसार १००० रुपये दंड आहे.

दंडाचे पैसे काय, पुन्हा मिळवता येतात. म्हणून आधी ‘खट्’ असा आवाज ऐकायचा आणि मगच म्हणायचं, “चला, बाबा!”