‘बीपी लो झालं असेल!’

मैत्रिणींनो, जमिनीवर बसून भाजी निवडावी आणि कुकरची शिट्टी ऐकून झटकन उठावं, तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ओट्याची कड धरावी लागते. दोन क्षण सगळं काळंकुट्ट, मग हळूहळू भांडी, गॅस, खिडकी जागच्या जागी दिसू लागतात. होतं की नाही तुम्हालाही असं? मला तर रोज व्हायचं. आणि मी काय करायची? पदर खोचून कणीक मळायला घ्यायची!

मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आठवीच्या वर्गात फळ्यावर समासाचा विग्रह लिहीत होते. हात वर होता, कानांत कसलीशी गुणगुण सुरू झाली, खडू पडल्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. पुढच्या बाकावरच्या मुलींनी धरलं म्हणून डोकं टेबलावर आपटलं नाही. शिक्षकांच्या खोलीत मग एकच सल्लागार मंडळ भरलं. एक म्हणाली, “बीपी लो झालं असेल.” दुसरी म्हणाली, “छे, शुगर लो!” तिसरीने कानाशी येऊन विचारलं, “काही गोड बातमी तर नाही ना?” शेवटी लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी पाजून मंडळाने निकाल दिला. मला बरंही वाटलं. तेव्हापासून भोवळ आली की मीठ-साखरेचं पाणी, हा माझा घरगुती नियमच झाला. डॉक्टरांकडे जायला वेळ कुणाला होता?

हा नियम मला केवढ्याला पडला असता, ते त्याच वर्षीच्या आषाढी एकादशीला कळलं.

सासूबाईंना बारा-तेरा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी न्याहारीआधी एक गोळी असते. एकादशीला त्यांनी गोळी नेमाने घेतली, पण पोटात गेलं कपभर दूध आणि एक केळं. खिचडीने पित्त होतं म्हणून ती नको, भगर संध्याकाळी खाईन म्हणाल्या. साडेतीनच्या सुमारास पाहते, तर देवघरासमोर बसल्या बसल्या घामाने थबथबलेल्या. हात थरथरत होते. मी “आई, आई” म्हणत जवळ गेले तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, “तू कुणाची गं?” चौदा वर्षं ज्यांच्या हाताखाली पुरणपोळी शिकले, त्या मला विचारत होत्या मी कुणाची!

माझा नियम तयारच होता. बीपी लो! पाण्यात चमचाभर मीठ घातलं. साखर मात्र मुद्दाम घातली नाही, कारण मधुमेहाच्या बाईला साखर कशी द्यायची? वीस मिनिटं मी पंख्याने वारा घालत, पाय चोळत बसले. हे बाहेरगावी. शेवटी शेजारच्या वहिनींची मुलगी, नर्सिंग शिकते ती, साखर मोजायचं यंत्र घेऊन धावत आली. बोटाच्या थेंबात आकडा आला ४८. “काकू, साखर द्या, साखर!” ती ओरडली. आई विचारलं तर मान हलवत होत्या, घोट गिळत होत्या, म्हणून तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून पाजली. पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा तेवढीच पाजली. मग ९२. आणि मग त्या म्हणाल्या, “आरती झाली का गं?” मी तिथेच रडायला बसले.

डॉक्टरांनी रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं. काही गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो, एकदा साखर वर आली तरी ती पुन्हा घसरू शकते, म्हणून. त्यांनी मला समजावून सांगितलं ते तुम्हाला सांगावं म्हणूनच हा लेखप्रपंच.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या माणसाने जेवण चुकवलं की साखर खाली जाते. ७० च्या खाली आली की उपाय करायचा, ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर. घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक, आणि मेंदूला साखर पुरेना की चिडचिड, असंबद्ध बोलणं. पुष्कळदा घरातल्यांना वाटतं, म्हातारं माणूस हट्टीपणा करतंय! अशा वेळी मधुमेह आहे म्हणून साखर नाकारणं ही मी केलेली चूक तुम्ही करू नका. यंत्र घरात नसेल तरी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावं, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं आणि बरं वाटल्यावर जेवू घालावं. लाडू, पेढा, चॉकलेट कामाचे नाहीत, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची व्होग्लिबोजची गोळी चालू असेल तर ग्लुकोज पावडरच हवी, कारण ती गोळी साध्या साखरेचं पचन लांबवते. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

“आणि माझी शुगर लो होत असेल का हो?” मी विचारलं. डॉक्टर हसले. मधुमेहाची औषधं न घेणाऱ्या धडधाकट माणसाची साखर खरोखर इतकी खाली जाणं फार क्वचित घडतं. अमेरिकेतले शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३८ साली सांगून ठेवलेली कसोटी अजून वापरतात: त्रास व्हायला हवा, त्याच वेळी मोजलेली साखर कमी निघायला हवी, आणि साखर दिल्यावर त्रास थांबायला हवा. तिन्ही जुळलं तर खरं. सकाळच्या चहावर अकरापर्यंत राबल्यावर येतो तो थकवा असतो, भूक असते. तिला शुगर लो म्हणून काय उपयोग, पोळी-भाजी खायला हवी!

मग त्यांनी माझंच बीपी मोजलं. आधी आडवं झोपवून, मग उभं करून. झोपून ११०, उभी राहिल्यावर दोन मिनिटांत ८६. आपण उठलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे नि पोटाकडे उतरतं. एरवी शरीर लगेच शिरा आवळून ते सावरून घेतं. पण अंगात पाणी कमी असेल तर सावरता येत नाही, आणि वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला की डोळ्यांपुढे अंधारी. नुसतं ९०/६० बीपी हा आजार नव्हे. त्रास नसेल तर पुष्कळ जणी त्या आकड्यावर सुखाने संसार करतात.

“पाणी किती पिता?” या प्रश्नावर मी गप्प झाले. खरं सांगू? सकाळी साडेसहाला घर सोडल्यापासून एक वाजेपर्यंत मी पाण्याचा थेंब घेत नसे. बाईंसाठीचं स्वच्छतागृह मैदानापलीकडे, त्याला धड कडी नाही. पाणी प्यायलं की तिकडे जावं लागतं, म्हणून प्यायचंच नाही! आमच्या सगळ्या बायकांनी न बोलता केलेला हा ठराव होता. एसटीने जाणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या, कचेरीत काम करणाऱ्या कितीजणी हेच करत असतील. आम्ही चौघींनी मिळून मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला. कडी बसायला दोन महिने लागले, पण बसली.

दुसरी गोष्ट रक्ताच्या तपासणीत निघाली. हिमोग्लोबिन ८.९. बाईचं १२ तरी हवं. पाळीत पाच-सहा दिवस अतोनात जात होतं, ते मी ‘बाईच्या जातीला असायचंच’ म्हणून सोडून दिलं होतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न भारतीय बायकांत रक्त कमी आढळलं होतं, तेव्हा आपण एकट्या नाही. पण मीठ-साखरेच्या पाण्याने रक्त वाढत नाही! लोहाच्या गोळ्या मला सहा महिने घ्याव्या लागल्या. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नाही, कारण चहा लोह शोषू देत नाही. हे पथ्य मला सर्वांत जड गेलं, कबूल करते.

भोवळ येतेय असं वाटलं तर मैत्रिणींनो, लाज न धरता आहात तिथे खाली बसा. जमलं तर आडव्या होऊन पाय उशीवर उंच ठेवा. पडलेल्या बाईला चारचौघी धरून उभं करतात, कांदा हुंगायला देतात, ते करू नका. झोपलेलंच राहू द्या. रांगेत उभ्या असाल, बसता येत नसेल, तर बासरीवाल्या कृष्णासारखी पायावर पाय घालून मांड्या घट्ट आवळा, मुठी दाबा, रक्त वर सरकतं. सकाळी उठताना आधी काठावर बसा, मग उभ्या राहा. गरम पाण्याने आंघोळ, उन्हाळा, भरपेट जेवण यांनंतर अधिक जपा. घरात कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्यांच्या चक्करीवर मिठाचं पाणी मुळीच नको. गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी पाहावं. अंथरुणात कूस बदलताना खोली गरगर फिरते, तो प्रकार बहुधा कानातला, बीपीचा नव्हे. आणि छातीत दुखणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, शौचाला डांबरासारखं काळं होणं, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात कळ येऊन घेरी येणं, यांतलं काही असेल तर घरी काही करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

यंदा आषाढीच्या आठ दिवस आधी सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेले. उपास सोडा म्हटलं तर त्या ऐकणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक. बरीच घासाघीस झाली. डॉक्टरांनी त्या दिवसापुरती गोळी बंद ठेवायला सांगितली, तीन-तीन तासांनी फराळ ठरवून दिला, आणि साखर चारदा मोजायची. सासूबाईंनी एकच अट घातली, यंत्र देवघरात आणायचं नाही. म्हणून आम्ही ते ओसरीवर मोजलं. त्यांच्या कनवटीला आता तपकिरीच्या डबीशेजारी ग्लुकोजची एक पुडी असते. कुणी विचारलं तर सांगतात, “सुनेचा अंगारा आहे.”