गोळी आज, गुण महिन्याने

अकोटच्या आमच्या मामींच्या फ्रीजवर गोळ्यांची एक स्ट्रिप महिनाभर पडून होती. दहातल्या सहा गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाल्या, “घेतल्या ना बापू चार दिवस. नुस्तं मळमळत जाय, अन् गमत तं तरीबी नोतं.”

वऱ्हाडात ‘मला नैराश्य आलंय’ असं फारसं कुणी म्हणत नाही. ‘गमत नाही’ म्हणतात. झोप उडते, जेवण जात नाही, कापूस घरात आला तरी त्याचं काही वाटत नाही, हे सगळं त्या दोन शब्दांत येतं.

मामींची तक्रार मात्र खरी होती, आणि तिने शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळलं आहे. फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम या गोळ्यांचं काम तसं सोपं. मेंदूतली एक चेतापेशी सेरोटोनिन सोडते, शेजारची त्याचा निरोप घेते आणि उरलेलं पहिली परत ओढून घेते. गोळी ही परतीची वाट अडवते. हे काही तासांत होतं. मन मात्र दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा उभारी धरतं. मळमळ तेवढी पहिल्या आठवड्यात येते. नैराश्य म्हणजे नुसता सेरोटोनिनचा तुटवडा असता, तर सकाळी गोळी घेतलेल्या माणसाला संध्याकाळी गमायला हवं होतं.

या तुटवड्याच्या कल्पनेचं एक मूळ आपल्याकडच्या सर्पगंधेत आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर सर्पगंधा कशी चालते हे ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी आल्या, आणि रिसर्पिन मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं हेही दिसलं. त्याच १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात उलटा प्रकार घडला. इप्रोनियाझिड हे नवं औषध दिलेले क्षयरोगी एकदम तरतरीत झाले. ते औषध अशी रसायनं मोडू देत नाही. दोन्हींची सांगड घातली गेली. सांगायला सोपी म्हणून ती टिकली. माझ्या मते गरजेपेक्षा जास्तच टिकली.

मग मधले आठवडे जातात कुठे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य २००० पासून याच्याच मागावर आहेत. येल विद्यापीठात त्यांनी रोनाल्ड डुमन यांच्याकडे पीएचडी केली. नैराश्यावरची औषधं दीर्घकाळ दिली की उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी आणि भावनांशी जोडलेल्या भागात, नव्या चेतापेशी वाढतात, हे डुमन यांच्या प्रयोगशाळेने २००० मध्ये दाखवलं. एकदोन दिवसांच्या डोसाने ते होत नाही. नवी पेशी जन्मते, फुटवे काढते, जुन्या जाळ्यात रुजते. त्याला वेळ लागतो. कपाशी पेरून आठव्या दिवशी वेचणीला कोण जातं?

हा वेळ कमी करता येईल का? वैद्य यांच्या गटाने २०१० मध्ये नेहमीच्या औषधाला नॉरअॅड्रेनलिनचा एक ब्रेक सोडवणारं दुसरं औषध जोडलं, तर उंदरांत तोच परिणाम लवकर दिसला. २०१९ मध्ये त्यांनी आणखी वेगळी गोष्ट पुढे आणली. सेरोटोनिन निरोप तर पोचवतंच, शिवाय चेतापेशीत मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जेची केंद्रं, वाढवतं आणि पेशी ताणाला जास्त तोंड देते. हे सारं उंदरांतलं आणि प्रयोगशाळेच्या बशीतलं. मामींच्या मेंदूत नेमकं हेच घडतं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पण गोळी पोचण्याआधी माणूस पोचावा लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘संगत’ संस्थेच्या ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी घरोघर लोकांना बोलतं केलं. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त २०१७ मध्ये आलेले आकडे असे: नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, नंतर २७.२ टक्के. सौम्य त्रासात पुष्कळदा समुपदेशनानेच भागतं, गोळी लागत नाही.

गोळी लागली, तर चौथ्या दिवशी स्ट्रिप फ्रीजवर टाकू नका. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो, औषधही बदलता येतं. आणि घरात कुणी बरेच दिवस ‘गमत नाही’ म्हणत असेल, तर सरकारच्या ‘टेलिमानस’चा नंबर १४४१६ आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.