विजेची मालगाडी आणि खाद्यपदार्थांचा व्यवसाय : गाडीआधी गिऱ्हाईक



मंडळातील काही तरुण विजेवर चालणाऱ्या मालगाड्या घेऊन बेकरी, हॉटेल, खानावळी यांचा माल पोहोचवण्याचा व्यवसाय करू पाहत आहेत. कल्पना चांगली आहे. मात्र यात बहुधा पालकांची निवृत्तीची पुंजी गुंतणार असल्याने हिशेब आधी समजून घेऊ.

अनुकूल बाबी

तेलंगणा सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये इलेक्ट्रिक वाहनांना रस्ता कर आणि नोंदणी शुल्क पूर्ण माफ केले. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत असून तीनचाकी व हलक्या मालगाड्याही तीत येतात. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार बॅटरीवरील व्यावसायिक वाहनांना परमिट लागत नाही. आपल्यासारख्या सीमेवरच्या जिल्ह्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तीनचाकी गाडी साधारण पाच-सहाशे किलो माल नेते. टाटाचा विजेवरील ‘छोटा हत्ती’ २०२२ मध्ये आला, तो ६०० किलोचा होता.

हिशेब

पुढील आकडे आम्ही अंदाजाने धरले आहेत. आपापल्या चौकशीप्रमाणे ते बदलून पाहावेत.

तीनचाकीसाठी ३ लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज, ४ वर्षे मुदत धरली तर हप्ता सुमारे ७,७५० रुपये येतो. चालकाचा पगार १४,००० रुपये. रोज ८० किलोमीटरला ७ युनिट, ९ रुपये दराने, म्हणजे २६ दिवसांचे सुमारे १,६५० रुपये. विमा, टायर, दुरुस्ती आणि पुढे बॅटरी बदलण्यासाठी बाजूला काढायची रक्कम मिळून ५,००० रुपये. एकूण २८,४०० रुपये, म्हणजे कामाच्या दिवसाला जवळपास १,१०० रुपये. एका फेरीच्या ठिकाणामागे ३० रुपये मिळाले, तर केवळ खर्च निघायला रोज ३७ ठिकाणे हवीत. मालकाची कमाई त्यानंतर सुरू होते.

तेवढ्याच ८० किलोमीटरला डिझेलचे सुमारे ३०० रुपये लागतील, विजेचे ६३. म्हणजे रोज २४० रुपयांच्या आसपास बचत. पण आदिलाबाद हैदराबादएवढे पसरलेले नाही. गाडी ४० किलोमीटरच फिरली तर बचतही निम्मीच होईल. बचत किलोमीटरवर मिळते, हप्ता मात्र महिन्याला येतो, हे विसरू नये. बँकेत असताना वाहनकर्जाची खाती थकताना आम्ही पाहिली. बहुतेक वेळा गाडी चांगली असायची, तिला काम पुरेसे नसायचे.

डबेवाल्यांचा धडा

मुंबईत १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबे पोहोचवण्याची पद्धत आजही चालते. गिऱ्हाईक महिन्याचे, वेळ ठरलेली आणि परतीच्या वाटेवर रिकामे डबे. आपल्याकडेही तेच करता येईल. पहाटे दूध व पाव, सकाळी हॉटेलांना भाजी, दुपारी खानावळीचे डबे, संध्याकाळी बेकरीचा माल आणि येताना रिकामे क्रेट. चार-पाच दुकानदारांशी महिन्याचा लेखी करार झाला, की मगच शोरूमची पायरी चढावी. तोवर भाड्याची गाडी घेऊन दोन महिने फेऱ्या करून पाहाव्यात.

दोन खबरदाऱ्या

खाद्यपदार्थ वाहून नेणाऱ्यालाही एफ.एस.एस.ए.आय.ची नोंदणी किंवा परवाना लागतो. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. आपल्या उन्हाळ्यात उघड्या गाडीत दही किंवा केक टिकणार नाही. त्यामुळे उष्णतारोधक पेट्यांचा खर्च आधीच धरावा. गाडी रात्री सावलीत, स्वतंत्र वायरिंगवर चार्ज करावी.

कर्जाबाबत

मुद्रा योजनेत ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत व ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याला तारण लागत नाही. पालकांनी हे नीट लक्षात ठेवावे. पहिल्या गाडीसाठी राहते घर किंवा मुदत ठेव गहाण टाकण्याची गरज नाही. मुलांना मदत करायचीच असेल, तर सुरुवातीची मार्जिन रक्कम आणि तीन हप्त्यांइतकी शिल्लक त्यांच्या खात्यावर ठेवावी. पहिली गाडी स्वतःच्या कमाईवर सहा महिने हप्ते भरू लागली, की दुसरीचा विचार करावा.

तरुणांनी आपला हिशेब कागदावर मांडून मंडळात आणावा. आम्ही ज्येष्ठ सभासद तो आनंदाने तपासून देऊ.